रविवारची मतं

“साहेब, माइक इतका आवळून धरू नका, तो काही पळून जात नाही,” व्यासपीठाच्या कडेला जाऊन माइकवाल्याने हळूच सांगितले आणि परत येऊन तो मिक्सरमागच्या आपल्या खुर्चीत बसला.

सभा ‘रस्ता मोकळा करा’ म्हणणाऱ्यांची होती. बाजाररस्त्यावरचे फेरीवाले उठवून त्यांना नव्या इमारतीत कोंबावे, ही त्यांची मागणी. माइकवाल्याचे मत याच्या अगदी उलट होते. त्याचा बाप जन्मभर त्याच रस्त्याच्या कडेला कुलपे विकत बसला होता. पण धंद्यातला त्याचा नियम सरळ होता. ज्याचे भाडे, त्याचा आवाज. मत घरी ठेवायचे आणि वायरी तेवढ्या बरोबर घ्यायच्या.

घर म्हणजे आता दुकानामागची खोली. बायको एका दवाखान्यात परिचारिका होती. दोघे वेगळे झाल्यापासून ती मुलीला घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत होती आणि मुलगी दर रविवारी बापाकडे येत होती. लहानपणी ती साखरेच्या डब्याभोवती घुटमळे म्हणून तिचे नाव मुंगी पडले. अकरावीत गेली तरी ते सुटले नव्हते.

या रविवारांवरच त्याचा आठवडा तगून असे. मुंगी दुकानातल्या स्टुलावर बसे. तो कुठल्यातरी बिघडलेल्या अॅम्प्लिफायरच्या तारांना सोल्डरचा डाग देता देता बोलत राही. रस्ता कोणाच्या बापाचा नसतो, तो ज्याचे पोट त्यावर चालते त्याचा असतो. उठवायचे सोपे, बसवायचे अवघड. ती ऐकून घेई आणि म्हणे, “बरोबर आहे, बाबा.” एवढ्या तीन शब्दांवर त्याच्या मनावरचे मोठे ओझे उतरे. मूल अर्धेच वाट्याला आले होते, पण विचार पुरते आले होते.

“आईकडे राहते, पण डोकं कोणाचं?” तो शेजारच्या सायकलवाल्याला ऐकवी. “खाण तशी माती!”

“माती तुमची असेल हो,” सायकलवाला चाक फिरवत म्हणे, “पण कुंडी तिच्या आईची आहे.”

“आणि आता,” इकडे सभेच्या व्यासपीठावर सूत्रसंचालक म्हणाला, “तरुणांच्या वतीने एक विद्यार्थिनी आपले विचार मांडेल.”

लोकांनी तिला आधी पाहिले; कानाला हेडफोन लावून खाली मान घातलेल्या माइकवाल्याने तिला आधी ऐकले. नुसत्या खाकरण्यावरून त्याने ओळखले.

“रुग्णवाहिकेत माणूस तडफडत असतो,” मुंगी बोलत होती, “आणि पुढे रस्त्यावर पिशव्यांचे ढीग लागलेले असतात. रस्ता ज्याचं पोट चालतं त्याचा असेल, तर ज्याचा श्वास थांबलाय त्याचा तो कोण लागतो?”

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत तिची आई बसली होती आणि मुलीच्या प्रत्येक वाक्यासरशी तिचे ओठ किंचित हलत होते. माइकवाल्याने मुलीच्या आवाजातला घोगरेपणा उतरवला, वरचा सूर थोडा उघडला. आवाज स्वच्छ झाला. मग त्याला दुसरे काही करण्यासारखे उरले नाही.

पोर विरुद्ध बाजूला गेली याचे दुःख त्याने गिळले असते. पोरे जातात. पण मग ते रविवार काय होते? स्टुलावर बसून मान डोलावणारी ती कोण होती? त्या दिवसापासून त्याला एकच ध्यास लागला: बापाचे नको, आईचे नको, तिच्या स्वतःच्या मनात काय आहे ते एकदा तिच्या तोंडून ऐकायचे.

रविवारी ती आली. पिशवी खुंटीला अडकवून स्टुलावर बसली.

“सभेत छान बोललीस,” तो म्हणाला.

“तुम्ही आवाज छान लावला होता.”

“पाहिलंस होय मला?”

“मिक्सरमागे दुसरं कोण बसणार, बाबा?”

दोघेही हसले. हसणे ओसरल्यावर त्याने हातातली डागकांडी स्टँडवर ठेवली.

“मग ते खरं, की इथे बोलतेस ते खरं?”

मुंगी नखाने स्टुलाचा निघालेला रंग खरवडत राहिली.

“आई दवाखान्यातून दमून येते. तिचं ऐकलं, हो म्हटलं, की नीट जेवते. तुम्ही आठवडाभर वाट बघता. इथे येऊन मी भांडू? मग पुढचा आठवडा तुम्ही तोंड पाडून बसणार, आणि मी तिकडे.”

“म्हणजे माझ्यापुढे नंदीबैलासारखी मान हलवत होतीस?”

“दोन्ही दारांत,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता.

“आणि तुझं स्वतःचं?” त्याने विचारले. आवाज बेताचाच ठेवावा लागला. “तुला काय वाटतं? सांग, मी रुसणार नाही.”

तिने थोडा वेळ त्याच्याकडे निरखून पाहिले, जुन्या पुलावर पाऊल टाकण्यापूर्वी पाहावे तसे.

“माझ्या मैत्रिणीची आई त्या रस्त्यावर केसांच्या पिना विकते. तिला नव्या इमारतीत दुसरा मजला दिलाय. पिना घ्यायला दोन जिने कोण चढणार? पण बाबा, तिला रस्त्यावरही राहायचं नाहीये. तिथे बायकांना जायला संडास नाही. दिवसभर पाणीच पीत नाही ती. तळमजला द्या, संडास द्या, आम्ही आजच उठतो, म्हणते. हे आईच्या सभेत कोणी बोलत नाही आणि तुमच्या बाजूचंही कोणी नाही.” तिचे गाल तापले होते. “मला वाटतं, उठवावं. पण तिला विचारून.”

माइकवाल्याला आतून भरून आले. आणि त्याच भरात तो म्हणाला, “हे बघ मुंगे, यातच तर फसगत असते.”

मग तो बोलतच गेला. एकदा उठले की तळमजला बड्या दुकानदारांच्या घशात जातो. तिच्या आजोबांनाही असाच शब्द मिळाला होता आणि ते आशेवर बसून म्हातारे झाले. एकेक मुद्दा खणखणीत होता, जागच्या जागी बसत होता. डागकांडी केव्हा हातात आली ते त्याला कळलेही नाही. थांबला तेव्हा मुंगी हसत होती. पाहुण्याकडे पाहून हसावे, तशी.

“हो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं,” ती म्हणाली. “बरोबर आहे, बाबा.”

“नाही, नाही. तू बोल. तुझं राहिलं.”

“झालं की बोलून,” ती उठली. “चला, बस चुकेल.”

थांब्यापर्यंत त्याने दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा तिने त्याच्या खोकल्याची चौकशी केली. बस आली, आत खिडकीशी तिच्याच वयाची एक मुलगी बसली होती. मुंगीला पाहताच तिने सरकून जागा केली. बसल्या बसल्या दोघी बोलू लागल्या. मुंगीने एक तळहात आडवा धरला, त्यावर थोड्या अंतराने, मजल्यावर मजला असावा तसा, दुसरा, मग वरचा हात झटकून खालच्यावर बोट आपटले. मैत्रीण मान हलवत होती. तिला पटत नव्हते. मुंगीने तिचा दंड धरून गदागदा हलवला आणि हात पुन्हा पहिल्यापासून मांडायला घेतले.

काच बंद होती. बस वळेपर्यंत माइकवाला त्या हातांकडे पाहत उभा राहिला.