बर्फ राखणाऱ्या डब्याची खंत

मित्रांनो, मी लशी वाहून नेणारा एक जुना निळा डबा आहे. पोटात बर्फ ठेवला की भर मे महिन्यातही मी दिवसभर गारवा राखतो. पोलिओच्या मोहिमेत मी कोथरूडच्या वस्त्या पालथ्या घातल्या. "डबा कसला, सोनं आहे सोनं!" असं सगळे म्हणायचे आणि मी फुशारून जायचो.

पुढे मी सदाशिव पेठेतल्या एका कॅन्सरच्या दवाखान्यात आलो. तिथला शिपाई दत्तोबा मला स्कूटरवर ठेवून रुग्णांचं रक्त विश्रांतवाडीच्या प्रयोगशाळेत पोचवायचा. त्या रुग्णांतल्या दुर्गाबाईंना तळपायाच्या त्वचेचा कॅन्सर होता. नवं औषध त्यांच्या अंगातल्या लढाऊ पेशींना जागं करणार होतं. त्या जाग्या झाल्या का, हे डॉक्टर दर महिन्याला रक्तावरून बघायचे आणि त्यावरच औषध चालू राहणार होतं.

बाईंनी जन्मभर दूध विकलं. त्यांच्या गोठ्याच्या जागी आता आयटी कंपनीची काचेची इमारत आहे. एप्रिलच्या उन्हात त्या म्हणाल्या, "दत्तोबा, आरं बर्फ घाल की! दूध नासतंय, मग रगत न्हाई व्हय नासायचं?"

"घालतो मावशी, काळजीच सोडा."

त्या दिवसापासून तो दर खेपेला बर्फ घालू लागला. माझ्या झाकणाला आतून प्रयोगशाळेने चिकटवलेला इंग्रजी कागद होता: बर्फ नको, गारठ्याने या पेशी मलूल होतात. दत्तोबाला तो कुणी वाचून दाखवला नाही. त्यानेही विचारलं नाही. आणि मी मेला इमानाने गारवा धरून बसलो!

तीन महिने अहवाल एकच, पेशी हलत नाहीत. औषध बंद झालं. एरवी दत्तोबा नळ्या खिडकीतल्या कारकुनाला देऊन परतायचा. पुढच्या खेपेला खिडकी बंद होती, म्हणून तो मला थेट आत घेऊन गेला. तिथे रक्त तपासणाऱ्या शेफाली मॅडमनी झाकण उघडलं आणि ओरडल्याच, "अहो, बर्फ कोणी घातला?"

आधीचे अहवाल चुकीचे ठरले आणि औषध लगेच सुरू झालं, पण कॅन्सर तोवर जांघेपर्यंत चढला होता. दत्तोबा खाटेपाशी रडला. "मावशी, माझ्यामुळं झालं हो."

"घाल म्हननारी मीच हाय की रं," बाई म्हणाल्या. "मला दूध राखायचं तेवढंच ठावं."

दिवाळीआधी त्या गेल्या.

मित्रांनो, जीव लावून काळजी घ्या, पण आधी कुणाला तरी विचारा. मला तोंड नव्हतं, त्या सगळ्यांना होतं. आता माझ्या झाकणावर ठळक मराठीत लिहिलंय, 'बर्फ घालू नये.' दत्तोबा रोज ते मोठ्याने वाचतो आणि मगच झाकण लावतो.