लॉनीच्या भावाची माती

लॉनी टार्पलीनं पुन्हा हॅट काढून छातीशी धरली आणि खड्ड्यावर टेकवलेल्या रिकाम्या शवपेटीकडे पाहिलं. डोळे कोरडेच.

“कट!” दिग्दर्शक क्रेल ओरडले. “अरे, तुझा भाऊ गोळी लागून मेलाय, आणि तू बस चुकल्यासारखा उभा!”

टेक्ससच्या त्या माळावर सगळं गाव जमलं होतं. घोडे-पिस्तुलांच्या या पिक्चरमध्ये शोक करायला चर्चचीच माणसं घेतली होती. पण शोक कुणाच्या तोंडावर टिकेल तर शपथ. रेडिओवर गाणारा लॉनी हाताच्या अंतरावर!

“गाणार का गं हा?” त्यांच्यातल्या ओपलनं चेहऱ्यावरच्या काळ्या जाळीआडून विचारलं.

“गप. यात गाणंच नाहीये म्हणे,” शेजारची व्हर्डीमावशी पुटपुटली. “त्याला नट व्हायचंय.”

“मग आपण काय नुसती धूळ खायला आलो?”

लॉनीला ते ऐकू गेलं. त्याची बोटं हॅटच्या काठावर घट्ट झाली. क्रेल जवळ येऊन हळूच म्हणाले, “शेवटची संधी. नाही जमलं तर पाठमोरा घेतो आणि दुपारी हातात गिटार देतो. स्टुडिओला तेच हवंय.”

कॅमेरा सुरू झाला. पेटी दोरांवरून खाली जाऊ लागली आणि व्हर्डीमावशीचं भान सुटलं. देवाचं नाव घेतल्याशिवाय तिनं आजवर गावातलं एकही माणूस मातीत जाऊ दिलं नव्हतं. तिनं चिरक्या आवाजात भजनाची ओळ उचलली. मागून सगळ्यांनी ती झेलली, लांबवली. माळ भरून गेला. ओपलसुद्धा डोळे मिटून गात होती.

लॉनीचे ओठ आपसूक उघडले. त्याचा तो मुलायम आवाज दोनच शब्द घुमला आणि गावाच्या अंगावर काटा आला.

व्हर्डीमावशी तरातरा पुढे गेली. तिनं आपला खरबरीत तळवा त्याच्या तोंडावर ठेवला.

“तू नाही, बाळा. ज्याच्या घरचं माणूस जातं, त्यानं गायचं नसतं. तुझ्या वाटचं आम्ही गातो.”

लॉनी तिच्याकडे बघत राहिला. मग हॅट गळून पडली, आणि तो तिच्या पायाशी मातीत बसून हुंदके देऊ लागला. क्रेलचा ‘कट’साठी उचललेला हात हवेतच राहिला.

भजन थांबेना. माणसं रिवाजाप्रमाणे एकेक करून पुढे येत मूठमूठ माती टाकू लागली. सामान सांभाळणारा गडी घाईघाईनं क्रेलच्या कानाशी लागला.

“साहेब, ती पेटी उद्या लागणार आहे.”

“दुसरी करा,” क्रेल म्हणाले, आणि त्यांनीही डोक्यावरची टोपी काढली.