मूठ सोडून उडालेली खुरपी

मित्रांनो, मी एक जुनी खुरपी आहे. लोहाराने मला ट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्यातून घडवलं, म्हणून माझ्या अंगात अजून ट्रकचा वेग आहे. पटत नसेल तर सोडून द्या. पुढचं मात्र सगळं खरं आहे, थोडंफार वगळता.

माझी मालकीण नर्स होती. सगळे तिला मावशी म्हणतात. नोकरीच्या धबडग्यात तिला बागकामाला सवड कुठली? तेव्हा मी रंगाच्या डब्यांची झाकणं उघडत असे. पोलादावर काय ही वेळ! पण निवृत्त होताच मावशीने मला धार लावली आणि माझे दिवस पालटले. दर रविवारी दहा-बाराजण मिळून आम्ही टेकडीवर जाऊ लागलो. बाहेरून आलेल्या घाणेरीने तिथली मूळची झाडं पार गिळली होती. घाणेरी उपटायची आणि टेकडीची झाडं टेकडीला परत द्यायची, हे आमचं काम. एकदा तर इतकं लांब मूळ निघालं, की पलीकडच्या उतारावर कुणाची तरी खुर्ची हलली!

टेकडीवर एका जातीचं एकच झुडूप उरलं होतं, तेही वाळलं. त्याच्या शेवटच्या बिया मावशीने पेरल्या. तीन वर्षं काही उगवेना.

"मावशी, बिया नाहीत त्या, खडे आहेत खडे!" सगळे चिडवत.

"बाळंतपणाच्या वॉर्डात घाई करणारे बाप मी खूप पाहिलेत. गप बसा," मावशी म्हणे.

एका रविवारी दातांच्या डॉक्टरबाई पहिल्यांदाच आल्या. मावशीने मला त्यांच्या हाती दिलं. "मुळासकट काढते की नाही बघा!" म्हणत त्या सपासप निघाल्या, त्या थेट बियांच्या वाफ्यात. बघते तर काय, मातीतून दोन पानांचं इवलं रोप वर आलेलं! आणि बाई मला त्याच्याच मुळाशी खुपसायला निघालेल्या. मावशी पाठमोरी.

मला ओरडता थोडंच येतं? मी मूठच सोडली. सणकन उडाले ती मावशीच्या बुटाशी. मावशी म्हणते चार पावलं, मी म्हणते अर्धी टेकडी.

"काय हो डॉक्टर, हत्यार फेकून मारता?" मला उचलून मावशी हसत आली.

"अहो, आपोआप निसटली! एवढं एक तण राहिलंय, हातानेच ओढते."

"हात लावू नका!"

बाईंचे दोन्ही हात वर. मावशी गुडघ्यांवर बसली. पानाच्या टोकाला बीचं टरफल अजून चिकटलेलं होतं.

"आली हो, तीन वर्षांच्या कळांनंतर आली!"

"अगंबाई," डॉक्टरबाई पुटपुटल्या, "मी दुधाचा दात उपटत होते की!"

आता डॉक्टरबाई दर रविवारी येतात आणि पानापानाची ओळख विचारूनच मला हात लावतात. मावशीने माझी मूठ नव्याने ठोकून दिली आहे.

म्हणून सांगते मित्रांनो, काम झालं की आम्हा अवजारांना पुसून ठेवत जा. आणि काहीही उपटण्याआधी "तू कोण गं?" एवढं विचारा. दर वेळी उडी मारायचं माझं वय राहिलेलं नाही.