डाव्या हाताचं हाड

श्रुतिका धुरी बारावीला होती. नीटच्या परीक्षेला साडेतीन महिने उरले होते. वाकोल्याला त्यांची एकच खोली, त्यात तिची आई अनुपमा दिवसभर शिलाई मशीन चालवायची. म्हणून लेक्चरं संपली तरी श्रुतिका सांताक्रूझला आपल्या ज्युनिअर कॉलेजातच थांबायची. बायोलॉजीची लॅब साडेचारपर्यंत उघडी असे. लॅब अटेंडंट गुणाजी परीक्षानळ्या धूत बसत आणि ती खिडकीजवळच्या टेबलावर अकरावीचे धडे पुन्हा करत बसे.

कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटात एक सांगाडा टांगलेला होता. प्लास्टिकचा नव्हे, खरा. कपडे धुवायच्या साबणासारखा पिवळट पडलेला. मुलं त्याला टोपी घालून फोटो काढायची. श्रुतिकाला त्याची भीती कधी वाटली नाही. हाडं पाठ करायची तर पुस्तकापेक्षा हे बरं, असं म्हणून तिने एके दिवशी गुणाजींकडून कपाट उघडून घेतलं आणि कवटीपासून मोजायला सुरुवात केली.

डाव्या हाताशी आल्यावर ती थांबली. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात. त्यातल्या करंगळीच्या बाजूच्या हाडावर, अगदी मध्यावर, बोटाला एक गाठ लागली. उजव्या हाताला तशी काही नव्हती.

बायोलॉजीच्या संघमित्रा मॅडम जर्नल तपासत होत्या. त्या उठून आल्या, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी हाड निरखलं.

"मोडून जुळलेलं आहे हे," त्या म्हणाल्या. "गाठ धरली म्हणजे मोडल्यानंतर काही महिने तरी ही जिवंत होती."

"ही?"

"कंबरेचं हाड बघ ना. पुढचा कोन किती रुंद आहे. बाई आहे ही. वय फार नसावं."

"पडली असेल?"

"पडलं की बहुतेक मनगटाजवळ मोडतं, अंगठ्याच्या बाजूचं. हे एकटंच मधोमध मोडतं, त्याचं कारण वेगळं असतं बऱ्याचदा." मॅडमनी स्वतःचा डावा हात कपाळासमोर आडवा धरला. "कोणी काठी उगारली की माणूस असा हात वर करतं. फटका इथे बसतो."

एवढं सांगून त्या पुन्हा जर्नलांकडे गेल्या. श्रुतिकाने कपाट लावलं. पण त्या दिवशी तिचं पुढे काही पाठ झालं नाही. गेली दीड वर्षं ती ज्याला 'तो' म्हणत होती, ती बाई होती आणि तिने कधीतरी हात वर केला होता.

घरी जेवताना तिने हे सांगितलं. तिचे वडील चंद्रप्रकाश विमानतळाच्या कार्गोत सुपरवायझर होते. कॉलेजातल्या गोष्टी ते आवडीने ऐकत. त्या दिवशी मात्र त्यांचा घास हातातच राहिला.

"कुठला हात म्हणालीस?"

"डावा."

"मधोमध?"

"हो. का पप्पा?"

ते उठले. ताट तसंच ठेवून मोरीत हात धुवायला गेले आणि नळ बराच वेळ वाहत राहिला.

पुढचे चार दिवस ते रोज एक प्रश्न विचारत. उंची किती असेल? दात आहेत का पुढचे? असले सांगाडे येतात कुठून? श्रुतिकाने सांगितलं की पूर्वी बेवारस माणसांचे वापरत असावेत, नक्की माहीत नाही. पाचव्या दिवशी तिच्या आईने मशीन थांबवलं आणि म्हणाली, "काय चाललंय तुमचं? पोरीला अभ्यास करू देत नाही."

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांना एक मोठी बहीण होती, शेवंती. अनुपमाच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, पण तिने हे नाव पहिल्यांदाच ऐकलं. शेवंतीला गोवंडीला दिली होती. नवरा मारायचा. दोनदा ती वाकोल्याला निघून आली, दुसऱ्या खेपेला डावा हात प्लास्टरमध्ये होता. तेव्हा श्रुतिकाच्या आजोबांची गिरणी बंद पडलेली, ते घरीच बसून. आजी, सखुबाई, म्हणाली की लग्न झालेली मुलगी घरात बसली तर चाळीत तोंड कसं दाखवायचं. दीड महिन्याने प्लास्टर निघालं आणि तिला परत पाठवली. पावसाळा संपताना नवऱ्याने निरोप धाडला की ती पळून गेली. कोणी तिला शोधलं नाही. पोलिसांत जायचं म्हणजे चारचौघांत नाव जायचं. त्यानंतर घरात तिचं नाव काढायची सोय राहिली नाही.

"बावीस वर्षांची होती," ते म्हणाले. "मला बघायचाय तो हात."

शनिवारी ते कॉलेजात आले. इस्त्रीचा शर्ट घालून, जणू कोणाकडे पाहुणे म्हणून निघालेत. मॅडमना श्रुतिकाने आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी लॅबमधल्या मुलांना बाहेर पाठवलं. गुणाजींनी कपाट उघडलं.

चंद्रप्रकाश कपाटाशी गेले. मग त्यांनी ते हाड दोन बोटांत धरलं, गाठीवर अंगठा ठेवला. त्यांचे ओठ हलत होते. श्रुतिकाला ऐकू आलं, "ताये."

सांगाड्याची मान तारेवर किंचित कलली होती, ऐकणाऱ्या माणसाची कलते तशी. ती तशीच असायची नेहमी, हे तिला ठाऊक होतं. तरी तिने नजर वळवली.

"तुमची बहीण कुठल्या साली गेली?" गुणाजींनी हळूच विचारलं.

"ब्याण्णव. सप्टेंबर."

गुणाजींनी मॅडमकडे पाहिलं.

"मी इथे अठ्ठ्याऐंशीला लागलो," गुणाजी म्हणाले. "पहिल्याच दिवशी हे कपाट पुसायला दिलं होतं मला. ही तेव्हाही होती."

खाली मैदानात कोणीतरी शिट्टी वाजवत होतं. चंद्रप्रकाशांनी हात काढून घेतला. मग खिशातून रुमाल काढून त्यांनी ते हाड पुसलं, दुसऱ्याच्या वस्तूला चुकून हात लागावा तसं.

"मग ही कोणाची?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "कुठे लिहिलेलंही नाही."

बाहेर आल्यावर ते रिक्षात बसायला तयार होईनात. दोघं चालत वाकोल्याकडे निघाली. श्रुतिकाला वाटलं होतं, त्यांना हायसं वाटेल. पुलाच्या चढावर ते थांबले, कठड्याला टेकले.

"ती असती तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "निदान सापडली असती. आता परत कुठेच नाही."

"पप्पा, तुम्ही तेव्हा लहान होता."

"चौदा वर्षांचा होतो. तिला परत सोडायला मलाच पाठवलं होतं. कुर्ल्याला बस थांबली तेव्हा तिने माझी बाही धरली. म्हणाली, चंदू, माका थय जावचा नाय. हयच उतरूया." त्यांनी आपली बाही ओढून सरळ केली. "मी म्हटलं, आई मला मारेल. मग ती काही बोलली नाही. दारापर्यंत गेलो, तिचा नवरा बाहेरच बसला होता. मी पाणीपण न पिता पळत सुटलो."

त्यानंतर श्रुतिका लॅबमध्ये बसेनाशी झाली. कॉलेजच्या जिन्यात बसून ती वनस्पतिशास्त्र वाचायची. पण सराव परीक्षेत हाडांवरचा प्रश्न आला की तिचं पेन थांबायचं. बसमध्ये कोणी बाई दांडी धरायला हात वर करी, की श्रुतिकाची नजर कोपर ते मनगट फिरून यायची. तिला दोन बायका दिसायच्या, एक कपाटातली आणि एक कुठेच नसलेली. त्यांचे चेहरे नव्हते म्हणून त्या कोणाच्याही चेहऱ्याने यायच्या. एकदा आईने डोळ्यांवर येणारं ऊन अडवायला हात आडवा धरला, तेव्हा श्रुतिका ओरडलीच, "हात खाली घे."

मार्चमध्ये, बोर्डाचा शेवटचा पेपर झाल्यावर, ती वडिलांना म्हणाली, "आपण तक्रार करायला जाऊ."

"आता? कोण घेणार? हसतील आपल्याला."

"हसू दे."

ती दोघं गोवंडीला गेली. तिथे शेवंतीचं घर होतं त्या जागी सात मजली इमारत उभी होती, नवऱ्याला ओळखणारं कोणी भेटलं नाही. पोलीस ठाण्यात एका तरुण हवालदाराने त्यांचं ऐकून घेतलं. तो हसला नाही. वरिष्ठांना विचारून आला आणि त्याने कागद पुढे ओढला.

"एवढी वर्षं का आला नाहीत?"

श्रुतिका काही बोलणार, तेवढ्यात चंद्रप्रकाश म्हणाले, "मीच तिला सोडून आलो होतो. म्हणून आलो नाही."

हवालदाराने तेही लिहून घेतलं. "शेवटचं कधी पाहिलंत?"

"चौदा जुलै. मंगळवार होता. हिरवं पातळ नेसली होती, त्याला पिवळा काठ. केस ओले होते." ते थांबले नाहीत. कपाळावरचा तीळ, चालताना जरा वाकडा पडणारा डावा पाय, हसताना तोंडावर हात धरायची सवय, सगळं सांगत गेले. श्रुतिकाने आपल्या आत्याला पाहिली ती तिथेच, त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून. चेहरा आला, आवाज आला. हवालदाराने पान उलटलं आणि लिहीत राहिला.

मे महिन्यात नीट झाली. श्रुतिकाला मुंबईत जागा मिळाली नाही, रत्नागिरीकडच्या सरकारी कॉलेजात मिळाली. जायच्या आदल्या दिवशी ती पेढे घेऊन लॅबमध्ये गेली. मॅडमनी पाठीवर हात ठेवला, गुणाजींनी पेढा खिशात टाकला. कपाटाकडे ती गेली नाही, पण निघताना दाराशी तिची पावलं जरा अडखळली.

गोवंडीहून अजून काही कळलेलं नाही. आता घरात शेवंतीचं नाव निघतं. अनुपमा कधीतरी विचारते की ताईंना मासे कुठले आवडायचे, आणि चंद्रप्रकाश सांगतात. श्रुतिका सुट्टीत घरी येते तेव्हा बघते, त्यांच्या मोबाईलवर अनोळखी नंबर आला की ते पहिल्या रिंगला उचलतात. बहुतेक वेळा कोणीतरी विमा विकत असतं. ते समोरच्याला तोडत नाहीत. आधी आपलं पूर्ण नाव सांगतात, मग वाकोल्याचा पत्ता, आणि फोन कानाशी धरून थांबतात.