गाडी उद्या मिळेल

वस्तादांनी तिसरा प्लग काढला, टोकावर फुंकर मारली आणि उजेडाकडे धरून बघितला. मग तो फरशीवर पसरलेल्या फडक्यावर आधीच्या दोन प्लगांशेजारी ठेवला. फडक्यावर एअर फिल्टर होता, दोन पाइप होते, स्क्रूंचा ढीग होता, आणि कशाचं झाकण कशाला हे मेकॅनिकशिवाय कुणालाच सांगता आलं नसतं असं बरंच काही होतं. गाडी तोंड वासून समोर उभी होती.

बारक्या वस्तादांच्या घराच्या फाटकाशी उभा राहून बघत होता. हे नाव त्याला वस्तादांनीच दिलं होतं, तो त्यांच्या गॅरेजात काम शिकायला आला तेव्हा. आता त्याचं पोट त्याच्याआधी बोनेटखाली शिरायचं, स्वतःचं गॅरेज होतं, हाताखाली माणसं होती, पण नाव काही वाढलं नव्हतं. गाडीला काय झालंय हे त्याला पक्कं ठाऊक होतं, कारण ते त्यानंच केलं होतं.

ताई, म्हणजे वस्तादांची मुलगी, मागच्या आठवड्यात त्याच्या गॅरेजात येऊन बसली होती. वस्तादांनी गाडी सरळ रस्त्याच्या उलट्या बाजूनं घातली होती आणि समोरून शाळेची बस येत होती. बसचा ड्रायव्हर शहाणा म्हणून निभावलं. डॉक्टर म्हणाले, आता गाडी चालवायची नाही. त्यावर वस्तादांनी डॉक्टरांनाच विचारलं, तुम्हाला क्लच म्हणजे काय माहीत आहे का? ताईनं किल्ली लपवली, तर त्यांनी वायरी जोडून गाडी चालू केली. ज्याचा जन्म गाड्यांत गेला त्याच्यापासून गाडी लपवायची कशी?

“दादा, तुम्हीच काहीतरी करा,” ताई म्हणाली होती. “गाडी बंद पडली तर बसतील गप्प.”

बारक्याला ते पटलं, आणि तिथंच तो फसला. दुपारी वस्ताद झोपले असताना त्यानं गाडीचा एक रिले उघडला. टाकीतल्या पंपाला वीज सोडणारी एवढीशी डबी ती. आत प्लॅस्टिकचा कपटा सारून त्यानं ती पुन्हा जागेवर बसवली. वरून बघाल तर धडधाकट. स्टार्टर फिरणार, पण इंजिनाला पेट्रोलचा थेंब मिळणार नाही. मग ताईनं किल्लीही परत देऊन टाकली. गाडी बंद पडल्यावर दुसरा कुणीही मुकाट्यानं घरात बसला असता. पण हा मेकॅनिक होता. चालू गाडी वस्ताद कधीमधी बाहेर काढायचे. बंद गाडीला ते उजाडल्यापासून चिकटले. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, तसली गत.

ताई दारातून खाली आली. खांद्यावर भांडी पुसायचं फडकं होतं आणि डोळे जागरणानं ओढलेले.

“जेवत नाहीत,” ती हळूच म्हणाली. “काल उन्हात चक्कर आली. हाताला धरून आत नेलं, तर पाणी पिऊन पुन्हा बाहेर. हे तर आधीपेक्षा वाईट झालं, दादा.”

“सापडेल त्यांना.”

“आणि सापडलं की?”

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बारक्या चपला वाजवत गाडीकडे गेला.

“आलास?” वस्तादांनी मान वर न करताच विचारलं. “बघ जरा. स्टार्टर फिरतोय, ठिणगी आहे, पण गाडी काही स्टार्ट घेत नाही.”

“पेट्रोल येतंय का पुढे?”

“बघितलं.”

त्यांनी ते बघितलं नव्हतं. बघितलं असतं तर पुढचं सगळं त्यांना आपोआप कळलं असतं. हे तेच वस्ताद होते, जे गाडी फाटकातून आत येता येता चहाचा कप खाली न ठेवता सांगायचे की हिचा एक सिलिंडर झोपलाय. गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत निदान तयार. बारक्या मनात धरून बसला होता की हा रिले त्यांना फार तर अर्धा दिवस दमवेल, मग ते कपटा हातात घेऊन येतील आणि आपल्याला चार लोकांत शिव्या घालतील. त्या शिव्यांची तो वाट बघत होता.

वस्तादांनी प्लगचा पाना खाली ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलं.

“सापडत नाही रे,” ते म्हणाले.

हे वाक्य बारक्यानं त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. रिले आत्ता उघडून दाखवावा, पाय धरावेत असं त्याला वाटलं. पण मग ती बस, ती शाळेची पोरं. आणि तसंही, दुसऱ्यानं दाखवलेला दोष वस्तादांच्या काय कामाचा? त्यांना तो स्वतःला सापडायला हवा होता. गाडीचं काय करायचं ते नंतर बघू, असं त्यानं ठरवलं. आधी माणूस सावरू दे.

त्यानं ताईला खूण केली. ताईनं चहाचं निमित्त करून वडिलांना आत नेलं.

बारक्यानं भराभर सगळं जागच्या जागी बसवलं. रिलेमधला कपटा काढला, किल्ली अर्धी फिरवली आणि मागच्या सीटखाली पंप गुणगुणला तेव्हा किल्ली बंद केली. मग त्यानं बॅटरीची एक केबल सोडवली आणि टर्मिनलच्या खुंटीशेजारी, बॅटरीवरच, नुसती ठेवून दिली. लपवली नाही, दडपली नाही, अगदी डोळ्यांसमोर. किल्ली फिरवल्यावर साधा दिवासुद्धा लागला नाही तर आधी बॅटरी बघायची, हे गॅरेजात नवा आलेला माणूस पहिल्या दिवशी शिकतो. बॅटरी बघितली की केबल दिसणारच. वस्ताद ती खुंटीवर घालतील, गाडी गुरगुरेल, ते त्याच्याकडे बघून म्हणतील, गाढवा, एवढंही दिसलं नाही तुला? आणि मग पोटभर जेवतील.

वस्ताद बाहेर आले तेव्हा मिशीला चहा लागला होता. इंजिन पुन्हा जोडलेलं दिसतंय, हे त्यांच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. ते सीटवर बसले आणि किल्ली फिरवली. काहीच झालं नाही. ना आवाज, ना दिवा.

“बघितलंस?” ते म्हणाले. “तेच.”

“आता तर स्टार्टरही फिरत नाही, वस्ताद.”

“तेच तर सांगतोय तुला मघापासून.”

ते उतरून पुढे आले आणि बोनेटखाली वाकले. वस्तादांचा हात बॅटरीकडे गेला, सुटलेल्या केबलला लागला. हाताच्या पाठीनं त्यांनी ती जरा बाजूला सारली, ताटाशेजारचं मांजर सारावं तशी, आणि रिकाम्या झालेल्या जागेवर, बॅटरीच्या डोक्यावर, लोखंडी पाना ठेवला. बॅटरीवर पाना ठेवला, शॉर्ट झाला असता, म्हणून याच माणसानं एकेकाळी बारक्याला अर्धा दिवस गॅरेजाबाहेर उभं केलं होतं.

“बॅटरी बघू या का एकदा?” बारक्यानं विचारलं.

“बघितली,” वस्ताद म्हणाले, आणि पुन्हा पहिल्या प्लगपासून सुरुवात केली.

बारक्याला रडू येत होतं. सगळी अक्कल पणाला लावून आपण वस्तादांपासून रिलेत कपटा लपवला, आणि वस्तादांना तर उघडी केबलही दिसत नव्हती. ताईला हे किती माहीत होतं? डॉक्टरांना तरी? त्यानं दाराकडे पाहिलं. ताई पायरीवर उभी होती. तिनं केबलही पाहिली होती आणि बारक्याचं तोंडही.

वस्ताद मध्येच थांबले. कंबर सरळ केली, हात पुसले. त्यांनीही पायरीकडे पाहिलं आणि एकदम कानकोंडे झाले. ते बारक्याच्या अगदी जवळ आले.

“त्या बाई कधीच्या उभ्या आहेत,” ते कुजबुजले.

“कोण बाई?”

“त्या काय, समोर. गाडी त्यांचीच ना? बिचाऱ्या सकाळपासून वाट बघतायत. जा, सांग त्यांना, आज होत नाही म्हणावं. उद्या देतो.” मग आणखी खालच्या आवाजात, “मला लाज वाटते रे सांगायला.”

आवार काही मोठं नव्हतं. ताईनं सगळं ऐकलं होतं.

बारक्या पायरीपर्यंत गेला. वस्ताद मागून बघत होते, हा नीट सांगतो की नाही ते.

“ताई…”

ताईनं त्याच्याकडे बघितलंच नाही. ती त्याच्या खांद्यावरून गाडीकडे बघत होती.

“आज नाही होत का?” तिनं विचारलं. आवाज मोठा आणि स्वच्छ होता, गिऱ्हाइकाचा असतो तसा. “उद्या मिळेल ना पण?”

“उद्या नक्की,” वस्ताद तिकडून म्हणाले. “तुम्ही काळजी करू नका, बाई.”

“बरं. उद्या येते मी.”

ती पायरी उतरली. घरातल्या सपाता पायांत, फडकं खांद्यावर, तशीच आवार ओलांडून फाटकातून बाहेर पडली आणि मागे वळून कडी लावली. भिंतीपलीकडे चार पावलं जाऊन ती थांबली. तिचा फक्त अंबाडा दिसत होता, आणि तो हलत होता.

“भल्या आहेत बाई,” वस्ताद म्हणाले. “एका शब्दानं रागावल्या नाहीत.” मग त्यांनी बोनेटखाली डोकं घातलं आणि मागे हात पसरला. “पाना दे.”

पाना त्यांच्या नाकासमोर, बॅटरीवर होता. बारक्यानं तो उचलून त्यांच्या हातात दिला.