फडक्यातला हिरवा उजेड

फुलसावंगीकडच्या एका तांड्यावरच्या देवळात त्या दुपारी मुंगी शिरायला जागा नव्हती. गाभाऱ्यासमोरच्या काळोखात शाम निजवलेला होता. सकाळी विळ्याने सोयाबीन सोंगताना त्याच्या डाव्या हाताला नाग डसला होता. डोमाजी भगताने तो हात कोपरापर्यंत पांढऱ्या फडक्यात गुंडाळला होता आणि मनगटापाशी त्या फडक्यातून हिरवा उजेड पाझरत होता.

"पाहा, इख निघून राह्यलं," डोमाजी सांगत होता. "श्वास दिसत नाही म्हणून भेऊ नका. तो म्या आत जमा करून ठेवला हाय. नागराजाशी माह्यी बोलणी सुरू हायत." बोलणी सकाळपासून सुरू होती. नागराजा बहुधा ऐकत नसावा.

तेवढ्यात शामचं मनगट थरथरलं. बायांनी हात जोडले. शामची आई नंदाबाई भगताच्या पायांवर पडली.

त्याच वेळी राखी, शामची बहीण, गर्दीतून वाट काढत आत आली. ती उमरखेडला नर्सिंग शिकत होती. निरोप मिळताच ती निघाली होती आणि वाटभर भावाला फोन लावत होती. देवळाच्या पायरीवरूनही तिने एकदा लावला होता. रिंग जात होती, उचलत कोणी नव्हतं.

तिने शामच्या मानेला हात लावला. मान गार आणि ताठ होती. तिला कळायचं ते कळलं. तरी आत्ताच हललेला तो हात तिने पाहिला होता, आणि देवा, हे खरं असू दे, असं तिलाही वाटून गेलं.

"याडी, दवाखान्यात काहून नाही नेलं?" तिने आईला विचारलं.

"दवाखान्याची गाडी आलती वं. पण हा उजेड दिसला, हात हालला. भगतबाबा म्हणे, आता हालवलं तं इख परत चढते. तुह्या बापानं गाडी वापस धाडली."

"पह्यल्यांदा कवा हालला?"

"तुले निरोप धाडला, त्याच्या मांगंच."

राखीने भावाच्या मनगटाकडे पाहिलं. तिने फोन काढला आणि शामचा नंबर दाबला. मनगट थरथरलं. तिने फोन बंद केला, थरथर थांबली. पुन्हा लावला, पुन्हा थरथरलं. मग ती फडकं सोडू लागली.

"सोडू नको, इख अंगावर येईन," डोमाजी ओरडला.

आतून निघालं घड्याळ. गेल्या दिवाळीत तिनेच भावाला दिलेलं. आजोबांच्या घड्याळाला रोज किल्ली द्यावी लागे, बापाचं सेलवर चाले. हे पावलं मोजायचं, झोप मोजायचं, फोन आला की मनगटाला खुणावायचं, म्हणून शाम खिशातला फोन मुकाच ठेवायचा. कातडीखालचं रक्त धावतंय का ते पाहायला ते आतून हिरवा उजेड टाकतं. रक्त थांबलं तरी टाकतच राहतं, त्याला कोण सांगणार? भगताने मात्र सगळं ठाऊक असून फडकं नेमकं त्याच्यावरूनच बांधलं होतं.

तिने घड्याळ पूजेच्या नारळाला बांधून वर फडकं गुंडाळलं. फडक्यातून हिरवा उजेड पाझरला. फोन लावला तसा नारळ थरथरला.

"याले कोणता नाग डसला, बाबा?" राखी म्हणाली.

डोमाजी अमावास्येला दोष देत मागच्या दाराने सटकला. नंदाबाई नारळाकडे बघत राहिली.

"मंग तो हात... तू हालवत होती?"

"हो, याडी. मीच."

आता राखी तांड्यातांड्यांतून फिरते. नारळाला घड्याळ बांधून दाखवते. "डोळ्याले दिसलं म्हणून मानू नका, फडकं सोडून पाहा," ती सांगते. "साप डसला तं पह्यले दवाखान्यात न्या. याच घड्याळातून फोन लागते. ते शामच्या हातावर होतं. त्याच्यावरून गाडी बोलावता येते, अन् आम्ही आलेली गाडी वापस धाडून देली."

मग ती शामचा नंबर दाबते. नारळ थरथरतो, पोरं हसतात. शेजारी बसलेली नंदाबाई मात्र थरथर थांबेपर्यंत नारळावर हात ठेवून असते.