डब्यातली झील

चाळीस वर्षं गायन पार्टी चालवली मी. अख्ख्या घोडेगावात शाहीर म्हणलं की नानासाहेब, दुसरं नाव न्हाई. अन् ह्या वर्षी पेठच्या मंडळानं जयंतीची सुपारी दिली कुणाला? माझ्या पोरीला, अमृताला!

"आबा, तुमी मागं झील धराल का?" तिनं विचारलं.

माझं टाळकंच सरकलं. "बापानं लेकीच्या मागं उभं राहून जी जी करायचं? मेलो तरी न्हाई!" दादाभाऊ अन् बाकीचे तिघं झीलकरी माझा शब्द मोडत न्हाईत. तेबी घरी बसले.

पोरगी माझ्याच वळणाची. पुण्यावरनं एक डबा घेऊन आली. लूप पेडल म्हणे. पायानं दाबायचं, गायचं, परत दाबायचं. गायलेलं आपलं आपण फिरत राहतं. त्यावर दुसरा थर चढवायचा, मग तिसरा. चुकलं तर पाय जरा दाबून धरायचा, शेवटचा थर पुसला जातो.

"अन् खालचा नको असला तर?" आमच्या जानकाबाईनं विचारलं.

"नाय जमत आई. वरचे आधी पुसाय लागतात."

मी पेपरात तोंड घालून सगळं ऐकत व्हतो.

जयंतीला पेठला जाऊन पहिल्या रांगेत बसलो. खोटं कशाला बोलू, पोरगी तोंडावर पडावी म्हणूनच गेलो व्हतो.

झिलीचे दोन थर झकास चढले. तिसरा तालाच्या मागं पडला. तिलाबी कळलं. पुसाय पाय दाबला, पण घाबरली, लई वेळ दाबून धरला. सगळंच गेलं. मग मागनं शिट्टी आली. "ओ ताई, उतरा खाली!" लोक हसाय लागले.

अमृतानं परत पेडल दाबलं. लाल दिवा लागला, म्हणजे रेकॉर्डिंग सुरू. माईकपुढं तोंड उघडलं, पण आवाज फुटंना.

अन् माझ्याच तोंडातनं निघालं, "जी रं जी, जी जी!" गाणारा अडला की मागच्यानं उचलायचं, चाळीस वर्षं झीलकऱ्यांना मीच शिकवलेलं. मला कुणी विचारलं व्हतं का?

माईकनं ते पकडलं, तिनं पाय मारला. माझी झील फिराय लागली. आयला, हा माझा आवाज? फाटका, कापरा, म्हाताऱ्याचा! लाजेनं मेल्यासारखं झालं. तिनं त्यावर स्वतःचा एक थर चढवला, मग दुसरा, अन् कडवं उचललं. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. मला मात्र तेवढं एकच ऐकू येत व्हतं. कडवं संपलं तसा उठलो, हातानं खूण केली, पूस ते!

तिनं माझ्याकडं बघितलं. पाय पेडलवर आणला अन् तसाच अधांतरी धरला.

मला कळलं. माझा आवाज पुसायचा तर आधी तिचे दोन्ही जाणार, भर मांडवात, दुसऱ्यांदा. अख्खी रांग माझ्या हाताकडं बघत व्हती. डब्यातला म्हातारा जी जी करतच व्हता.

मी हात खाली घेतला. चपला काढून स्टेजवर चढलो, अन् लेकीच्या मागं एक पाऊल सोडून उभा राहिलो. कापरा तर कापरा.

"घे पुढचं कडवं, शाहीर," मी म्हणलं.